रण, रंग आणि टाक्यांचा हिशेब

"सतराशे? ओ माय! एवढ्याशा तुकड्याला?"

हे वाक्य माझंच. कच्छमधल्या एका गावात, सारवलेल्या ओसरीवर बसून मी ते बोलले. हातात भिंतीवर लावायचा चौकोनी भरतकामाचा तुकडा होता. त्याला तिकडे चाकळा म्हणतात. समोर तो भरणारी बाई बसली होती. ती काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिची ती नजर मला अजून आठवते. म्हणूनच, मैत्रिणींनो, कच्छच्या पांढऱ्या रणाबद्दल सांगण्याआधी ही घासाघीस सांगितली.

आमची अकरा जणींची भिशी. अमळनेरच्या एकाच गल्लीतल्या आम्ही. दरवर्षी भिशी फुटली की कुणी मिक्सर घेतं, कुणी सोन्याचे मणी. दोन वर्षांपूर्वी ठरलं की एकदा सगळ्यांनी मिळून पैसे साठवायचे आणि फिरून यायचं. नवरे नाहीत, मुलं नाहीत, फक्त आपण. कुणी शिर्डी म्हणालं, कुणी गोवा. आमच्यातल्या एक मामी मूळच्या नंदुरबारच्या, गुजराती फाडफाड बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "गाडी दारातून सुरतेला जाते, सुरतेहून भुजची गाडी मिळते. चला की कच्छला!" आणि गेल्या हिवाळ्यात आम्ही खरंच निघालो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं असं सगळं डब्यांत भरून. रात्रभर गाडीत गप्पा आणि सकाळी भुज.

नावापलीकडचं कच्छ

कच्छ म्हटलं की आपल्याला आठवते दाबेली. आपल्याकडे प्रत्येक गावात 'कच्छी दाबेली'ची गाडी असतेच! पण हा प्रदेश केवढा आहे याची मला कल्पनाच नव्हती. भारतातला हा सर्वांत मोठा जिल्हा. क्षेत्रफळ ४५,६७४ चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या हरियाणा राज्याहून जास्त. त्यातला मोठा भाग म्हणजे रण. राजस्थानसारखं वाळूचं नाही, मिठाचं वाळवंट. पावसाळ्यात समुद्राचं पाणी या सखल भागात शिरतं, त्यात पावसाचं आणि नद्यांचं पाणी मिसळतं. दिवाळीनंतर ते पाणी आटत जातं आणि मागे राहतो मिठाचा थर.

धोरडोजवळचं पांढरं रण बघायला आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. भुजपासून साधारण ऐंशी किलोमीटर. वाटेत भिरंडियारा गावात थांबून तिथला मावा खाल्ला. बन्नीच्या गवताळ पट्ट्यात म्हशी भरपूर, त्यामुळे दूधही भरपूर. रणात पोचलो तेव्हा सूर्य मावळतीला आलेला. जिकडे बघावं तिकडे पांढरं. ना झाड, ना घर, ना डोंगर. पायाखाली मीठ करकर वाजत होतं. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "बाई गं, कुणीतरी अख्ख्या आभाळाखाली कुरडया वाळत घातल्यात!" आम्ही हसलो, पण खरंच तसंच दिसत होतं. मग अंधार पडला, चंद्र वर आला, आणि अकरा जणी असूनही कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. गल्लीत एवढा वेळ गप्प बसल्याचं आम्हाला कुणालाच आठवत नाही!

आणखी एक जागा आम्हा मराठी बायकांना फार जवळची वाटली. ती म्हणजे काळा डुंगर. कच्छमधली ही सर्वांत उंच जागा, सुमारे ४६० मीटर. माथ्यावर चक्क दत्ताचं देऊळ आहे. तिथे रोज कोल्ह्यांना प्रसाद ठेवतात. दत्तात्रेयांनी भुकेल्या कोल्ह्यांना स्वतःच्या अंगाचा भाग देऊ केला, अशी तिथली कथा. इतक्या लांब, वाळवंटाच्या काठावर दत्तगुरू भेटले म्हटल्यावर मामींनी डोळेच पुसले.

मातीची घरं आणि भूकंप

बन्नीतली घरं गोल असतात. त्यांना भुंगा म्हणतात. मातीच्या जाड भिंती, वर शंकूसारखं गवताचं छप्पर. आत भिंतींवर माती आणि शेणाच्या लगद्यानं नक्षी काढतात, त्यात बारीक आरसे बसवतात. हे लिंपणकाम बायकाच करतात. एक दिवा लावला की शंभर आरशांत उजेड पडतो.

२६ जानेवारी २००१ ची सकाळ तुम्हाला आठवत असेल. आपण टीव्हीवर प्रजासत्ताक दिनाचं संचलन बघत होतो आणि पावणेनऊच्या सुमारास कच्छची जमीन हादरली. हजारो माणसं गेली. भुज, अंजार, भचाऊची घरं पत्त्यासारखी कोसळली. पण हे गोल भुंगे बऱ्याच ठिकाणी तग धरून उभे राहिले. गोल भिंतीला कोपरे नसतात, त्यामुळे हादऱ्याचा जोर एका जागी साचत नाही. छप्परही हलकं. अडाणी म्हणून ज्यांच्याकडे बघितलं जातं, त्यांची ही हुशारी!

भुजमध्ये आता भुजियो डोंगरावर भूकंपात गेलेल्यांचं 'स्मृतिवन' आहे. २०२२ मध्ये ते सुरू झालं. जाल तेव्हा तिथे जरूर थोडा वेळ काढा.

हिरडा, चिंचोके आणि गूळ

तिसऱ्या दिवशी अजरखपूर बघितलं. या गावाची जन्मकथाही भूकंपातलीच. अजरख म्हणजे लाकडी ठशांनी छापलेलं निळं-लाल कापड. ते छापणारी खत्री मंडळी पिढ्यान्‌पिढ्या धमडका गावात राहायची. भूकंपानंतर तिथल्या पाण्याची पातळी खाली गेली आणि पाण्यात लोह वाढलं. रंगच नीट उमटेनात. मग त्यांच्यातल्या अनेक कुटुंबांनी भुजजवळ नवं गाव वसवलं, तेच अजरखपूर.

रंगांची यादी ऐकताना मला आजीचा बटवाच आठवला. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. काळ्या रंगासाठी लोखंडाचा भंगार आणि गूळ कुजवतात, घट्टपणासाठी त्यात चिंचोक्यांचं पीठ घालतात. लालसाठी तुरटी आणि मंजिष्ठा, निळ्यासाठी नीळ. धुणं, वाळवणं, छापणं, पुन्हा धुणं अशा डझनाहून जास्त पायऱ्या पार पडतात, तेव्हा कुठे ती ओढणी आपल्या खांद्यावर येते.

तिथून पुढे निरोणा गावात रोगन कला बघितली. एरंडेल तेल दोन दिवस उकळून त्याचा चिकट लगदा करतात. त्यात रंग मिसळतात आणि धातूच्या काडीनं त्याचा बारीक तंतू ओढत कापडावर चित्र काढतात. काडी कापडाला टेकतही नाही! या घराण्यातल्या अब्दुल गफूर खत्री यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. पूर्वी ही कला घरातल्या पुरुषांपुरतीच होती. आता मुलींनाही शिकवतात, हे ऐकून बरं वाटलं.

ती ओसरी

आता पहिल्या दिवशीची ती ओसरी.

भुजपासून तासाभराच्या अंतरावरचं ते गाव. तिथे सूफ भरतकाम करणाऱ्या बायका राहतात. १९७१ च्या युद्धानंतर सिंधमधल्या थरपारकर भागातून जी कुटुंबं कच्छमध्ये आली, त्यांची ही कला. कच्छमध्ये भरतकामाचे किती प्रकार! रबारी बायकांचं आरशांचं साखळी टाक्याचं काम वेगळं, अहिरांचं वेगळं, जतांचं वेगळं. खारेक नावाचाही एक प्रकार आहे, म्हणजे आपली खारीक! अहिर म्हटल्यावर आम्हाला आमची अहिराणी आठवली. पूर्वी नुसत्या घागऱ्या-चोळीवरून बाई कुठल्या समाजाची ते ओळखू यायचं. मुलगी लहानपणापासून स्वतःच्या लग्नाचं भरत भरायला बसायची. सासरी जाताना तो तिचा ऐवज असायचा.

त्या बाईनं चाकळा समोर ठेवला. पांढऱ्या कापडावर लाल, हिरवे, पिवळे त्रिकोण. इतके रेखीव की मशीनचे वाटावेत. तिनं किंमत सांगितली आणि मी ते पहिलं वाक्य बोलले. मग आम्ही सगळ्या तुटून पडलो. "बेन, हजार द्या ना!" "आम्ही दोन घेतो, मग तर कमी करा." आपल्याला बाजाराची सवयच असते ना! मामी मध्ये दुभाष्या.

ती बाई थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं एक कोरा तुकडा आणि दोरा ओवलेली सुई माझ्या हातात दिली. मामींना काहीतरी म्हणाली. मामी हसून म्हणाल्या, "म्हणतेय, एक त्रिकोण काढून दाखव, मग हजारात देते."

मला वाटलं, त्यात काय! मी गेली पंचवीस वर्षं शिवण करते. पण सूफमध्ये कापडावर पेन्सिलनं काही आखलेलं नसतं. कापडाचे उभे-आडवे धागे डोळ्यांनी मोजायचे आणि उलट्या बाजूनं टाका घालायचा. सुलट बाजूला काय उमटतंय ते दिसतच नाही. एक धागा चुकला की त्रिकोण लंगडा. माझा तिसऱ्या ओळीतच लंगडला. दारात उभी असलेली तिची नात खुदकन हसली. मामींनी बाईचं म्हणणं सांगितलं, "हे डोळ्यांचं काम आहे. आता मला बारीक दिसत नाही, म्हणून सुनेला शिकवते."

"एवढ्याला दिवस किती लागले?" मी विचारलं. सकाळचं दूध-पाणी, स्वयंपाक, गुरं झाली की दुपारी दोन-तीन तास हातात सुई. असा सव्वा महिना.

मैत्रिणींनो, एवढं ऐकूनही मी काय केलं? बाराशेला घेतला. हरल्यावरही घासाघीस सोडली नाही. तिनं घडी घालून दिला. जीपमध्ये बसल्यावर आम्ही एकमेकींना टाळ्या दिल्या, पाचशे वाचवले म्हणून!

आधी कुणाला हे कळलं होतं

तिसऱ्या दिवशी अजरखपूरला 'श्रुजन' संस्थेनं २०१६ मध्ये उभारलेलं भरतकामाचं संग्रहालय बघितलं. तिथे मला चंदाबेन श्रॉफ यांची गोष्ट कळली. १९६९ साली कच्छमध्ये दुष्काळ पडला होता. मुंबईत राहणाऱ्या चंदाबेन मदतकार्यासाठी तिथे गेल्या. बायकांना फुकटचं नको होतं, काम हवं होतं. चंदाबेननी त्यांच्याकडून साड्यांवर भरतकाम करून घेतलं आणि मुंबईत विकलं. तिथून श्रुजन सुरू झालं. २००६ मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. २०१६ मध्ये त्या गेल्या.

दुष्काळात या बायकांचं दुसरंही एक नुकसान व्हायचं. पेटीतलं लग्नाचं भरत विकायची वेळ यायची. व्यापारी दारावर यायचे आणि आईच्या, आजीच्या हातचे तुकडे पडेल भावात घेऊन जायचे. वर्षानुवर्षं भरलेलं, चार पोती धान्यासाठी जायचं. नंतर कला रक्षा, कच्छ महिला विकास संगठन अशा संस्था उभ्या राहिल्या आणि बायकांच्या कामाला नीट भाव मिळण्यासाठी धडपडू लागल्या.

ढेबरिया रबारी समाजाची गोष्ट तर आणखी वेगळी. लग्नाचं भरत पुरं होईना म्हणून मुली सासरी जायच्या लांबायच्या. १९९० च्या दशकात समाजानं नियमच केला, की आता स्वतःसाठी भरतकाम करायचं नाही. बायकांचे हात कसे थांबणार? त्यांनी बाजारातल्या तयार लेस आणि फिती जोडून नवं नक्षीकाम काढलं. त्यातल्याच भद्रोई गावच्या पाबीबेन रबारी. चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी या फितींच्या पिशव्या बनवायला सुरुवात केली आणि आज 'पाबी बॅग' परदेशात जाते. गावातल्या कितीतरी जणींना त्यांनी काम दिलंय.

रात्रीचा हिशेब

त्या रात्री हॉटेलवर मला झोप येईना. भिशीच्या वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. सव्वा महिना, आठवड्याचे सहा दिवस, रोजचे तीन तास धरले तरी नव्वद तास होतात. बाराशे भागिले नव्वद. तासाला तेरा रुपये. त्यातून कापड आणि दोऱ्याचे पैसे वजा करायचे. म्हणजे एका तासाला एक कटिंग चहा! आणि तोही मला महाग वाटला होता.

मग मला माझीच गोष्ट आठवली. यांची नोकरी सुटली तेव्हा मी घरी फॉल-पिको, ब्लाउजची हातशिलाई सुरू केली. रात्री अकरा-अकरापर्यंत बसायची. आणि गिऱ्हाईक काय म्हणायचं? "अगं, घरीच तर असतेस, त्यात काय एवढं! दहा रुपये कमी कर." मी करायची. कारण मलाही वाटायचं, घरीच तर बसलेय, दुकान थोडंच आहे. त्या वाक्यानं मी किती वेळा रडले असेन. आणि तेच वाक्य मी, वेगळ्या शब्दांत, त्या ओसरीवर बोलून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची परतीची गाडी होती. त्या गावी पुन्हा जाणं शक्य नव्हतं. आमचा जीपवाला त्याच भागातला. मी पाचशे रुपये पाकिटात घालून त्याच्याकडे दिले. म्हटलं, "भाई, एवढे त्या बेनना पोचवा." माझं बघून काकूंनी आणि आणखी दोघींनी आपापल्या खरेदीचे पैसे त्यात घातले. कुणी काही भाषण केलं नाही. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. "दिले, ताई. बेन विचारत होत्या, हे कसले पैसे?"

मी म्हटलं, "सांगा, हिशेबात राहिले होते."

आता तो चाकळा माझ्या शिलाई मशीनच्या वर भिंतीवर आहे. त्याखाली मी पुठ्ठ्यावर माझे दर लिहून लावलेत. फॉल-पिकोचे, हातशिलाईचे, हुकांचे. पहिल्याच आठवड्यात एक ओळखीच्या वहिनी म्हणाल्या, "अगं, घरीच तर असतेस..." या वेळी मी दहा रुपये कमी केले नाहीत. चाकळा खाली काढला, उलटा करून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "वहिनी, बसा. याला किती वेळ लागला असेल, सांगा बघू."

त्यांनी बराच वेळ बघितला. मग पर्समधून पूर्ण पैसे काढले.

तुम्हालाही जायचं असेल तर...

* नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. त्याआधी रणात पाणी असतं, नंतर ऊन सोसवत नाही. रात्री थंडी खूप पडते, तेव्हा शाल-स्वेटर न्याच.
* पांढऱ्या रणात जायला परवाना लागतो. ओळखपत्र जवळ ठेवा. पौर्णिमेला गर्दी असते, राहायची सोय आधी करा.
* दुपारी मिठावर डोळे दिपतात. गॉगल आणि पिण्याचं पाणी बरोबर हवंच.
* भुजोडीत हातमागावरच्या शाली मिळतात. हाताशी एखादा दिवस जास्त असेल तर धोलावीराला जा. पाच हजार वर्षांपूर्वीच्या त्या शहरातले पाण्याचे हौद बघून थक्क व्हाल. २०२१ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे.
* भरतकाम घेताना कापड उलटून बघा. हातकामात मागची बाजू मशीनइतकी एकसारखी नसते, दोरा कुठे सुरू झाला, कुठे संपला ते दिसतं. दुकानांत मशीनचं काम 'हातकाम' म्हणून विकतात.
* शक्यतो करणाऱ्या बाईकडूनच किंवा तिच्या संस्थेकडून घ्या. भाव करण्याआधी एकच प्रश्न विचारा, "याला दिवस किती लागले?"